‘मलिन’ पान की ‘कच्चे’ पान?

संगणकशास्त्रात ‘डर्टी पेज’ अशी एक संज्ञा रूढ आहे. तिचा ‘मलिन पान’ असा शब्दशः अनुवाद केल्यास अर्थ बिघडतो. कारण ह्या पानात मळ असा नसतोच. उलट, सर्वांत ताजा मजकूर तेथेच असतो; मात्र तो कायम साठ्यात अद्याप उतरलेला नसतो. वहीखात्यातील कच्च्या कीर्दीच्या धर्तीवर त्यास ‘कच्चे पान’ म्हणणे अधिक सयुक्तिक होय.

समजा, बोरीवलीस बसून एखादी विद्यार्थिनी वसईच्या सामवेदी बोलीच्या शब्दनोंदी टिपीत आहे आणि तिची फाइल कालिना येथील सर्व्हरवर आहे. तिने लिहिलेला मजकूर प्रथम तिच्याच संगणकाच्या स्मृतीत, बहुधा ४०९६ बाइटांच्या पानांत राहतो. लिनक्स कर्नलच्या मूळ मांडणीनुसार ३० सेकंदांहून जुनी झालेली कच्ची पाने रवाना होऊ लागतात. त्यांनी उपलब्ध स्मृतीचा १० टक्के भाग व्यापला तर त्याआधीच. येथवर स्थानिक तबकडी आणि जाळे यांत फारसे अंतर नाही.

खरी गुंतागुंत पुढे आहे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या एन.एफ.एस. पद्धतीची दुसरी आवृत्ती १९८५ साली प्रचारात आली. मजकूर कायम साठ्यात उतरविल्यावाचून सर्व्हरने पोच देऊ नये, असा तीत दंडक होता. सुरक्षित खरा, पण मंद. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने तो शिथिल केला. आता सर्व्हर ‘मिळाले’ एवढेच सांगू शकतो. ‘उतरविले’ असे नव्हे. त्यामुळे ना कच्ची, ना पक्की, अशी पानाची तिसरीच अवस्था उद्भवते, आणि तीत असलेले पान कर्नलने टाकून देता कामा नये. ‘कमिट’ ही आज्ञा धाडून तिची पोच आली म्हणजेच पान पक्के झाले. ह्या उत्तरांसोबत सर्व्हर ८ बाइटांची एक खूण पाठवितो. तो मध्यंतरी बंद पडून पुन्हा सुरू झाला की खूण बदलते; लेखनाच्या वेळची खूण व कमिटची खूण जुळली नाही, तर ती पाने पुन्हा धाडावयाची. एवढ्याशा खुणेवर सारी भिस्त आहे.

दुसरी अडचण स्मृतीच्या टंचाईची. जागा मोकळी करण्यासाठी पाने धाडावीत, तर धाडण्यासही थोडी स्मृती लागतेच. ती आधीच राखून ठेविली नसेल, तर सारेच अडून बसते.

तथापि सर्वांत घातक प्रकार चुकीच्या निरोपाचा. लेखनाची आज्ञा यशस्वी झाल्याचे प्रोग्रामला कधीच कळलेले असते. सर्व्हरवर जागा संपल्याचे वृत्त मागाहून, फाइल बंद करताना किंवा ‘एफ-सिंक’च्या वेळी येते. पुष्कळ प्रोग्राम फाइल बंद करण्याचा निकाल तपासीतच नाहीत. मग नोंदी जपल्या गेल्या अशा समजुतीत विद्यार्थिनी संगणक मिटते. तपासणारेही फसू शकतात. लेखन फसल्यावर कर्नल पानावरील कच्चेपणाची खूण पुसून टाकू शकते. मग दुसऱ्यांदा केलेले एफ-सिंक यशस्वी ठरते, मजकूर मात्र साठ्यात नसतो. ही गोष्ट २०१८ साली पोस्टग्रेस्क्यूएल ह्या विदासंचय-प्रणालीच्या कर्त्यांमध्ये मोठ्या वादाचा विषय झाली. अखेर त्यांनी पुनःप्रयत्नाचा मार्ग सोडून, एफ-सिंक फसताच प्रणाली थांबवावी आणि नोंदवहीवरून मजकूर पुन्हा उभा करावा, असे ठरविले.