परसबागेच्या कुंपणाला काटेरी वेल



परसबाग म्हटली की आपल्याला वांगी, मिरची, अळू, मांडवावरचा दोडका आठवतो. कुंपण आठवते ते शेजारची शेळी आत शिरून सगळे फस्त करून गेल्यावर. मग घाईने बोरी-बाभळीच्या फांट्या तोडून रचायच्या. पावसात त्या कुजतात, उरल्यासुरल्या वाळवी खाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच काम. तारेचे कुंपण चांगले खरे, पण त्याला रोख पैसा लागतो, आणि तार काही फळ देत नाही.

आपल्या रानात मात्र राखणही करतील आणि पदरात काही टाकतीलही असे काटेरी वेल आहेत. वाघाटी, शिकेकाई आणि सागरगोटा हे त्यांतले तीन. बांध साफ करताना आपण ते मुळासकट उपटून टाकतो. त्यांतला एखादा तरी घराच्या कुंपणाला लावावा, पण कोणता कुठे लावायचा हे आधी समजून घ्यावे.

हे वेल कारली-काकडीसारखे ताणे सोडत नाहीत. यांचे काटे आकडीसारखे मागे वळलेले असतात आणि त्या आकड्या अडकवत वेल वर चढतो. म्हणूनच काय होतं, हात आत सहज जातो, बाहेर ओढला की काटा रुततो. अशा वेळी हिसका मारू नये. हात थोडा आणखी आत सरकवावा म्हणजे आकडी सुटते, मग अलगद काढावा. काटा मोडून आत राहिला तर काढून जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आरोग्य केंद्रात जावे. 'एवढ्याशा काट्याचं काय' म्हणून घरी बसू नये.

सागरगोटा, म्हणजे काही भागांतला गजगा, सर्वांत दांडगा. याच्या खोडाला काटे, पानाच्या दांड्याला काटे, शेंगेलासुद्धा काटे. आत राखी रंगाच्या एक-दोन गुळगुळीत बिया असतात. मुली सागरगोटे खेळतात त्या याच. बी इतके टणक असते की समुद्राच्या पाण्यावर तरंगत कुठल्या कुठे किनाऱ्याला लागते आणि तरी उगवते. नुसते मातीत टाकले तर मात्र वर्षभर तसेच पडून राहील. बियांची एक बाजू सहाणेवर किंवा खडबडीत दगडावर घासून आतला पांढरा भाग जेमतेम दिसू द्यावा आणि दोन दिवस पाण्यात भिजवून जूनमध्ये कुंपणाच्या कडेलाच टोकावे. हा वेल भोवताली फार पसरतो. ज्यांचे परसू गुंठाभराचे आहे त्यांनी याच्या नादी लागू नये. मळ्याच्या बाहेरच्या कडेला तो शोभतो. याच्या बियांचा कडू गर औषधात वापरतात, पण वैद्यांना विचारल्याशिवाय मुलांना देऊ नका.

शिकेकाईचे एकच झाड घराला पुरते. तिला आधार भक्कम हवा. बांबूचा मांडव तिच्या ओझ्याने बसतो. जुनी बाभूळ किंवा हिवर असेल तर तिच्यावर चढवावी, आंब्यावर चढवू नये, आंबा गुदमरतो. चुलीवरून उतरवलेल्या गरम पाण्यात बी टाकून रात्रभर ठेवले म्हणजे लवकर रुजते. शेंगांसाठी काही वर्षे धीर धरावा लागतो. कोवळ्या आंबट पाल्याची चटणी मात्र आधीच मिळू लागते. शेंगा हिवाळ्याच्या शेवटी तपकिरी झाल्यावर काढून कडकडीत वाळवाव्यात. शेततळ्यात मासे सोडले असतील तर काठावर शिकेकाई नको. तिच्या फेसाचे पाणी माशांना बाधते.

आता वाघाटी. माझ्या मते घराजवळ लावायला तिघांत हीच चांगली. पानाच्या बुडाशी वाघनखासारखे दोन-दोन काटे, त्यावरूनच हे नाव पडले असावे. हिवाळा सरता सरता तिला फुले येतात. पांढऱ्या पाकळ्या, लांब केसरांचा झुबका, आणि फूल जुने होईल तसा त्यावर गुलाबी-लाल रंग चढतो. आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला वाघाट्याची भाजी लागते हे सर्वांना ठाऊक आहे. त्या दोन दिवसांत बाजारात वाघाटी शोधत लोक फिरतात, आणि आपल्या बांधावरची वेल आपणच जाळलेली असते! फळे हिरवी असतानाच काढावीत. चिरून बिया काढाव्यात, मीठ घालून उकळावे आणि ते कडू पाणी फेकून फोडी पिळून घ्याव्यात. पुढे फोडणीचा हात ज्याचा त्याचा. थोडा कडवटपणा राहतोच, तो नको असेल त्याने दोडका खावा.

रोपासाठी वेलीवर पिकून लाल झालेले एखादे फळ राखून ठेवावे. त्यातले बी धुऊन ताजेच पिशवीत लावावे, डब्यात साठवून ठेवू नये. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन, एक घमेले कुजलेले शेणखत मातीत मिसळून रोप लावावे. दोन रोपांत पाच-सहा फूट अंतर ठेवावे. आधाराला गिरिपुष्पाचे खांब रोवले तर ते फुटतात आणि पालाही मिळतो. कोवळी वेल आपोआप वर जात नाही, ती सुतळीने सैल बांधून वळवावी लागते. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एखादा हंडा पाणी द्या. आणि जुने फांट्यांचे कुंपण लगेच काढू नका, कोवळ्या वेलीला शेळी काही काट्याला घाबरत नाही.

वेल आपल्या हद्दीच्या तीन फूट आत लावावी. पलीकडे वाढली तर काटा शेजाऱ्याला लागतो आणि तंटा आपल्या दारात येतो. विहिरीची वाट, नळाची जागा, मुलांचे खेळण्याचे अंगण यांच्या कडेला यांतला कोणताही वेल नको. लोंबती फांदी मुलाच्या डोळ्याच्या उंचीला येते, म्हणून अशी फांदी दिसली की त्याच दिवशी कापावी.

वाघाटीची मुख्य छाटणी आषाढाची फळे काढल्यावर करावी. थंडीत कोयता चालवला तर फुलायच्या फांद्याच जातात. कधी पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. त्या बहुधा फुलपाखरांच्या असतात, त्यांच्यासाठी फवारणी करू नका, वेल पुन्हा फुटते. छाटताना पूर्ण बाह्यांचा जाड सदरा घालावा आणि फांदी हाताने न धरता दुबेळक्याच्या काठीने दाबून तोडावी. तोडलेले फाटे वाटेवर पडू देऊ नयेत, बैलाच्या खुरात आणि सायकलीच्या टायरात जातात. ते कुंपणाच्या बुडाशी जिथे कोंबडी जाण्याइतके भोक असेल तिथे काठीने कोंबावेत.