कुत्र्याला कॅन्सर झाला तर उपचार कोणते? आणि मोबाईल नेमका कुठे कामाला येतो?

एरवी आपण इथे फोन, अ‍ॅप आणि सेटिंगबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण त्याची सुरुवात फोनपासूनच झाली.

आमचा ब्रूनो, आठ वर्षांचा लॅब्रेडोर. त्याच्या मांडीवर एक मऊ गाठ हाताला लागली. मी फोटो काढून आजार ओळखणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये टाकला. उत्तर आलं, 'चरबीची गाठ असू शकते'. दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला तर गाठ चक्क लहान दिसली. मी खूश! असे दोन महिने गेले. मग डॉक्टरांनी सुईने तपासलं आणि निघाला मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर.

या गाठीतल्या पेशी हिस्टामाइन नावाचं रसायन सोडतात. त्यामुळे गाठ कधी सुजते, कधी ओसरते. मला जे बरं होणं वाटलं, ते आजाराचंच लक्षण होतं.

आधी निदान, मग उपचार

चरबीची गाठ आणि मास्ट सेल ट्यूमर बाहेरून अगदी सारखे दिसू शकतात. म्हणून फोटो कितीही मेगापिक्सेलचा असला तरी निदान होत नाही. डॉक्टर बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. याला एफएनए म्हणतात. बहुतेक वेळा भूलही द्यावी लागत नाही. त्यातून उत्तर मिळालं नाही तर बायोप्सी करतात. साधा नियम लक्षात ठेवा: गाठ 1 सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल किंवा महिनाभर तशीच असेल, तर तपासून घ्या.

उपचारांचे मुख्य पर्याय

1. सर्जरी: एकाच जागी असलेल्या गाठीसाठी सहसा हाच पहिला पर्याय. गाठीसोबत आजूबाजूची थोडी निरोगी जागाही कापतात, म्हणजे पेशी मागे राहत नाहीत. काढलेली गाठ लॅबला पाठवायला सांगाच. ती पूर्ण निघाली का आणि किती आक्रमक आहे, हे त्याच रिपोर्टमध्ये कळतं.

2. केमोथेरपी: लिम्फोमासारख्या शरीरभर पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये ही मुख्य असते. त्यासाठी चार औषधांचा 'चॉप' नावाचा कोर्स काही महिने चालतो. उपचार न केल्यास हातात बहुतेकदा एक-दोन महिनेच असतात. कोर्स लागू पडला तर अनेक कुत्री साधारण वर्षभर चांगली जगतात. माणसांच्या केमोच्या आठवणीने घाबरू नका. इथे डोस बेताचा ठेवतात, कारण उद्देश चांगले दिवस मिळवणं हा असतो. बहुतेक जातींचे केस गळत नाहीत. उलटी, जुलाब होऊ शकतात. ताप आला तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

भटक्या कुत्र्यांमध्ये दिसणारा टीव्हीटी हा कॅन्सर मुख्यतः समागमातून पसरतो. तो आठवड्याला एक अशा व्हिन्क्रिस्टिनच्या काही इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. म्हणजे गल्लीतल्या कुत्र्याला रक्ताळलेली गाठ दिसली तरी 'आता काही होणार नाही' असं समजू नका.

3. रेडिएशन: नाक किंवा मेंदू अशा ठिकाणी, जिथे पूर्ण कापणं शक्य नसतं. कुत्रा हलू नये म्हणून दरवेळी भूल द्यावी लागते. मशीनही मोजक्याच ठिकाणी असतात.

4. टार्गेटेड गोळ्या: मास्ट सेल ट्यूमरसाठी टोसेरॅनिब नावाची गोळी आहे. अमेरिकेत तिला 2009 मध्ये मंजुरी मिळाली.

5. पॅलिएटिव्ह उपचार: आजार बरा होणार नसेल किंवा खर्च झेपणार नसेल, तर वेदना कमी ठेवणं आणि खाणं-झोपणं नीट चालू ठेवणं. हाही उपचारच आहे, यात लाज वाटून घेऊ नका. डॉक्टरांना बजेट स्पष्ट सांगा, त्यानुसार ते मार्ग सुचवतात.

हे अजिबात करू नका

घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मनाने देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरू शकतात. निदान व्हायच्या आधी स्टेरॉइडही सुरू करू नका. लिम्फोमा असेल तर त्याने निदान अवघड होतं आणि पुढे केमोचा परिणामही कमी होऊ शकतो.

मग फोनचा उपयोग काय?

- गाठीशेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि तारीख लिहा. हे डॉक्टरांना दाखवण्यासाठी, स्वतः निदान करण्यासाठी नाही.
- कुत्रा गाढ झोपलेला असताना स्टॉपवॉच लावून मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. आकडा वारंवार 30 च्या वर जात असेल तर डॉक्टरांना कळवा.
- लंगडणं, खोकला यांचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर कुत्रं नेमकं नीट चालतं!
- सगळे रिपोर्ट एका फोल्डरमध्ये ठेवा आणि औषधांचे रिमाइंडर लावा.

ब्रूनोची सर्जरी झाली. रिपोर्टमध्ये कडा स्वच्छ आल्या, ग्रेडही कमी निघाला. पण डॉक्टर म्हणाले, "लवकर आला असतात तर एवढं कापावं लागलं नसतं." मांडीवरचा तो लांबलचक व्रण मला रोज दिसतो.

तर मित्रांनो, आज रात्री फोन दहा मिनिटं बाजूला ठेवा आणि आपल्या कुत्र्याच्या अंगावरून सावकाश हात फिरवा. काही लागलं, तर फोन उचला, पण सर्च करायला नाही. डॉक्टरांची वेळ घ्यायला.