दूध डेअरीला, भाजी बाजारला

सणसर हे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचं, उसाचं गाव. बारामती-इंदापूर रस्त्यावर, भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्याच्या शेजारचं. गोठ्यात गाई आहेत, बांधावर शेवगा आहे. तरीही तपासणीच्या दिवशी अंगणवाडीत नर्सबाई गरोदर बायकांच्या बोटाला सुई टोचतात, तेव्हा नऊ, साडेनऊ असे आकडे निघतात. गरोदरपणात हिमोग्लोबिन किमान अकरा हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रिया या रेषेखाली होत्या.

वजनकाटा, रक्तदाब, पोटाची तपासणी भराभर उरकते. खरा वेळ जातो तो सेविकाताईंच्या विचारपुशीत. ‘जेवतेस ना नीट?’ असं त्या विचारतच नाहीत, कारण उत्तर ‘हो’ हेच येतं. त्या विचारतात, ‘काल रात्री शेवटी कोण जेवलं? कोरड्यास उरलं होतं का?’ मग सून सासूकडं बघते आणि हळूच सांगते, ‘भाकरी होती की. चटणीसंगं खाल्ली.’ दुधाचं विचारलं तर ते डेअरीला जातं, चहापुरतं राहतं. मेथी-शेपूच्या जुड्या बाजारच्या दिवशी विकायला जातात. घरात येतं ते सगळं आधी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात. पोट भरलेलं असतं, पण गर्भाला जे लागतं ते त्या भाकरी-चटणीत पुरेसं नसतं.

हे ऐकताना मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम आठवत राहतं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणात अभ्यास केला. या बायकांचं सरासरी वजन गरोदरपणाआधी जेमतेम ४२ किलो आणि त्यांच्या बाळांचं २.७ किलोच्या आसपास. आईच्या आहारातल्या एकूण उष्मांकांचा किंवा प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. दूध, फळं आणि हिरव्या पालेभाज्या ज्या वारंवार खात होत्या, त्यांची बाळं मात्र जन्मताना भरलेली होती. सणसरच्या गोठ्यातून आणि वाफ्यातून नेमकं हेच रोज घराबाहेर जातं.

पुढं तीच मुलं वाढत असताना आणखी एक गोष्ट कळली. दोनतृतीयांश आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते ज्यांच्यात फार कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष एकाग्र करण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांत मागं पडली. ब-१२ मिळतं ते दूध, दही, अंडी, मासे, मटणातून. घरातल्या दुधातला एक पेला सुनेसाठी बाजूला काढणं ही म्हणूनच बाळाच्या मेंदूची बाब आहे.

गोळ्यांचंही असंच. दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस लोहाची गोळी रोज घ्यायची असते. ती चहाबरोबर घेतली की लोह नीट अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळलं की लागतं. शौचाला काळी होते म्हणून कित्येकजणी घाबरून गोळी सोडतात. सेविकाताई हे आधीच सांगून ठेवतात, तेही सासूच्या देखत. ‘जास्त खाल्लं तर मूल मोठं होतं, बाळंतपण जड जातं’ हे म्हणणं निघतं, तेव्हा त्या रागवत नाहीत. ‘आत्याबाई, बारीक मूल पेटीत ठेवायला लागतं, मग किती जड जाईल?’ एवढंच विचारतात. मला हे शिक्षण कुठल्याही भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा मोठं वाटतं.

फॉलिक आम्लाची गोष्ट मात्र अंगणवाडीच्या हातातून निसटते. ते ज्यासाठी लागतं ती गर्भाची मज्जानलिका, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचं मूळ, पहिल्या २८ दिवसांत मिटते. तेव्हा बाईला दिवस गेल्याचं पुष्कळदा कळलेलंही नसतं. गोळी लग्नानंतर लगेचच सुरू व्हायला हवी, आणि लग्नाच्या वयाच्या मुलींना हे कुणी सांगत नाही.

हंगाम सुरू झाला की सणसरच्या आसपास कोप्या पडतात. मराठवाड्यातून आलेली ऊसतोडीची बाई सातव्या महिन्यातही पहाटे फडात असते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढते. पुण्याजवळच्या त्या सहा गावांच्या अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी बायकांच्या कष्टांचीही मोजदाद केली होती. जास्त कष्ट, तितकं लहान बाळ, असं त्यातून दिसलं. पण नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ती बसली तर कोयता अर्धा होतो आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. तिला नुसतं ‘विश्रांती घे’ म्हणणं मला क्रूर वाटतं. शेवटच्या तीन महिन्यांत तिची मजुरी न कापता तिला फडाबाहेर ठेवण्याची सोय मुकादम आणि कारखान्यांनीच करायला हवी.

तशी सोय आज नाही. सेविकाताईंनी अशा एकीला दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, तिचं गावाकडचं कार्ड बघून नोंद केली आणि नवऱ्याला सांगितलं, ‘मोळी तू उचल, तिला वाढं बांधू दे.’ मग टोळी पुढच्या महिन्यात कुठल्या फडात असेल, हे विचारायला मुकादमाचा नंबर लिहून घेतला.