डुकराचे मूत्रपिंड : शस्त्रक्रिया-संशोधनाचा रक्तवाहिनी-नकाशा

माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून सुमारे 300 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभराहून थोडे अधिक रक्त, त्यांतून वाहते. अशा अवयवावर सुरी चालवायची तर आतल्या रक्तवाहिन्यांची मांडणी आधी ठाऊक असावी लागते. नवे तंत्र थेट रुग्णावर आजमावता येत नसल्याने त्यासाठी प्राण्यांच्या मूत्रपिंडांचा आधार घेतला जातो.

ही परंपरा जुनी आहे. हायडेलबर्गच्या गुस्ताव झिमोन यांनी 1869 मध्ये एका स्त्रीचे मूत्रपिंड काढले. एका मूत्रपिंडावर जगता येते, याची खात्री त्यांनी आधी कुत्र्यांवर करून घेतली होती. 1902 मध्ये व्हिएन्नात एमेरिख उलमान यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड त्याच्याच मानेतील रक्तवाहिन्यांना जोडून दाखवले. 1934 मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने अंशतः आवळली, तेव्हा रक्तदाब वाढला आणि वाढलेलाच राहिला.

माणसात महारोहिणीतून निघालेली मूत्रपिंडाची रोहिणी साधारणपणे पुढच्या आणि मागच्या अशा दोन शाखांत विभागते. त्यांच्यापासून पाच खंडांना रक्त मिळते. ही पाच खंडांची रचना ग्रेव्हज यांनी 1954 मध्ये मांडली. खंडांच्या रोहिण्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. पाट अडवला की त्यावरचा वाफा सुकतो, तशी एखादी शाखा तुटली की तिच्यावर पोसणारा भाग मरतो. पुढच्या आणि मागच्या शाखांच्या क्षेत्रांमधला, बाहेरच्या कडेच्या किंचित मागे येणारा कमी रक्तस्रावाचा पट्टा माक्स ब्रोडेल या चित्रकाराने 1901 मध्ये दाखवला. मूत्रपिंड उघडताना छेद कुठे घ्यावा, हे त्यावरून ठरू लागले.

प्राण्यांतील ही मांडणी साच्यातून पाहता येते. मूत्रवाहिनी, रोहिणी आणि नीला यांत वेगवेगळ्या रंगांची पातळ राळ भरतात. ती घट्ट झाल्यावर मूत्रपिंड हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात. मांस विरघळून जाते आणि मागे उरते ते फांद्याफांद्यांचे रंगीत झाड. कोणती रोहिणी मूत्रपिंडातल्या मूत्रमार्गाच्या कोणत्या फाट्याला चिकटून जाते, हे त्यावर बोट ठेवून सांगता येते.

या कामासाठी डुकराला पसंती मिळते, ती आकारामुळे आणि अंतर्रचनेमुळे. त्याच्या मूत्रपिंडात माणसासारखेच अनेक पिरॅमिड, म्हणजे आतले शंकूच्या आकाराचे भाग, आणि त्यांचे मूत्र गोळा करणारे पेले असतात, आणि बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. गाईचे मूत्रपिंड बाहेरून खंडाखंडांचे दिसते. कुत्रा आणि मेंढी यांच्यात पिरॅमिड एकत्र मिळून एकच कंगोरा बनतो, वेगळे पेले नसतात. दुर्बिणीतून खडे काढण्याचा सराव म्हणूनच डुकराच्या मूत्रपिंडावर चांगला होतो.

रोहिणीच्या बाबतीत मात्र डुक्कर माणसापासून दूर जाते. त्याची रोहिणी बहुधा आधी डोक्याकडच्या आणि शेपटीकडच्या शाखांत विभागते. पुढचे-मागचे फाटे त्यानंतर येतात. मेंढीत ती माणसाप्रमाणे पोटाकडच्या आणि पाठीकडच्या शाखांत फुटते. म्हणजे पेल्यांसाठी डुक्कर जवळचे, रोहिणीसाठी मेंढी. मूत्रपिंडाचे टोक कापण्याचा प्रयोग डुकरावर केल्यास कोणती शाखा दुखावली, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष माणसाला लावता येत नाहीत. शिवाय कापलेला मूत्रमार्ग न शिवताही डुकरात सहज भरून येतो, त्यामुळे टाक्यांची परीक्षा घ्यायला ते फार भरवशाचे नाही.

मूत्रपिंडातली गाठ काढताना रोहिणीला चिमटा लावून रक्त थांबवतात. मूत्रपिंड हे किती वेळ सोसते आणि गार ठेवल्यास ती मुदत किती वाढते, याचा अभ्यासही प्राण्यांवर झाला. रुग्णाच्या बाबतीत नेहमीच्या तापमानाला अर्ध्या तासाची मर्यादा दीर्घकाळ पाळली गेली. केवळ हात बसवायचा असेल, तर खाटीकखान्यातून मिळालेली मूत्रपिंडे पुरतात. जिवंत प्राण्यांवरील प्रयोग भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समितीच्या नियमांत बसावे लागतात.

मार्च 2024 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जनुकांत बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड प्रथमच जिवंत रुग्णाला बसवले गेले. रुग्ण सुमारे दोन महिन्यांनी दगावला. मृत्यू या रोपणामुळे झाल्याचे दिसत नाही, असे रुग्णालयाने सांगितले. अशा रोपणात प्राण्याची रोहिणी आणि नीला माणसाच्या रक्तवाहिन्यांना प्रत्यक्ष शिवली जाते, त्यामुळे डुकराच्या मूत्रपिंडातील रक्तप्रवाहाची माहिती सरावाबरोबरच उपचारासाठीही लागते.