ओली हळद की पिवळी कॅप्सूल?

जानेवारीत शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली आणि मी पुण्याहून थेट जळगाव गाठलं. भरीत-पुरीचा सीझन, कोण सोडणार? सॅकमध्ये बाबांसाठी करक्युमिन कॅप्सूलची दुसरी बाटली होती. पहिली दिवाळीत दिली होती. आमच्या ऑफिसात निम्म्या टेबलांवर ही बाटली दिसते. म्हटलं, बाबांचे गुडघे दुखतात, घेऊ देत. शेवटी आपलीच तर हळद!

घरी बाबांनी शर्टाची बाही वर केली, तर दंडावर काळेनिळे डाग.

"कुठे धडकलात?"

"कुठेच नाही गं."

बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज चालू असतात. डॉक्टरांनी विचारलं, "याशिवाय काय घेताय?" बाबा बिनधास्त म्हणाले, "काही नाही." खरंच आहे, हळदीला औषध कोण म्हणतं? शेवटी मीच बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी लेबल नीट वाचलं. डाग यानेच आले असं छातीठोक सांगता येणार नाही म्हणाले, पण त्या गोळ्यांबरोबर हे नकोच, आजपासून बंद! परत येताना रिक्षात मी गप्प. आणून कोणी दिलं होतं? मीच ना.

रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. लेबलवर ५०० मिलिग्रॅम, त्यात ९५ टक्के करक्युमिनॉइड्स, म्हणजे ४७५ मिलिग्रॅम. वाळलेल्या हळदीत हेच प्रमाण साधारण ३ टक्के असतं आणि ओल्या हळदीत तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी. म्हणजे एका कॅप्सूलची बरोबरी करायला जवळजवळ ८० ग्रॅम ओली हळद खावी लागेल! बाबा दिवसाला दोन घेत होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने खाद्यरंग म्हणून करक्युमिनची मर्यादा ठरवलीये, वजनाच्या दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला झाले १८०.

आता मिरीचा फंडा. नुसतं करक्युमिन अंगी फारसं लागत नाही, बरंचसं तसंच बाहेर पडतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की, २ ग्रॅम करक्युमिनबरोबर मिरीतलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तर रक्तात शोषलं जाणारं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढतं. हा आकडा बाटल्यांवर झळकतो. पण हेच पायपरिन इतर काही औषधांचंही प्रमाण रक्तात वाढवू शकतं, ते कुठे मोठ्या अक्षरात दिसत नाही.

लिव्हरचं प्रकरणही आहेच. अमेरिकेत यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या गटाने २००४ ते २०२२ या काळातल्या हळद-सप्लिमेंटशी जोडलेल्या १० केसेस मांडल्या, त्यातला एक रुग्ण दगावला. इटलीने २०२२ मध्ये अशा बाटल्यांवर इशारा छापणं सक्तीचं केलं. हे क्वचितच घडतं, मान्य. पण मग फायदा तरी तेवढा दणदणीत हवा ना? गुडघेदुखीत थोडा आराम पडल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, तेवढंच. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकन पेटंट डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये रद्द करवलं, तेव्हा आपली कॉलर ताठ झाली होती. आता तीच हळद आपण बाटलीतून महागात विकत घेतोय!

रविवारी एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला आजीकडे गेले. ओट्यावर ओल्या हळदीचे केशरी काप, आलं, हिरव्या मिरच्या, लिंबं. आजीची बोटं पिवळीधमक. सॅकमधली सीलबंद बाटली तिच्या हाती लागली.

"हाई काय शे?"

"हळदीच्या गोळ्या, आजी."

"हयद शे ना? मंग बाटलीमा कसाले?"

काय सांगणार? आजीचंही सगळं ऐकायचं नसतं म्हणा. तिच्या मते हे लोणचं सर्दीपासून शुगरपर्यंत सगळ्यावर चालतं. तसं काही नाहीये, आणि त्यातलं मीठ बीपीवाल्यांना परवडत नाही. सकाळी मिक्सरला लावलेले हळदीचे 'शॉट्स' पिणाऱ्यांनीही जरा जपून. पित्ताशयात खडे असतील किंवा ऑपरेशन ठरलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकी भाजीतल्या पाव चमचा हळदीचं टेन्शन नको. आपल्या शेवभाजीच्या तर्रीत तेल आणि मिरी दोन्ही असतात, करक्युमिनला आणखी काय हवं?

मी स्वतःपुरतं ठरवलंय, कॅप्सूल बंद आणि हिवाळाभर लोणचं. हळद घेताना काप मोडून बघते. कट्कन मोडला आणि आतून गर्द केशरी निघाला की घ्यायची.

जळगावला परतले तर बरणी सांडून लॅपटॉपची बॅग पिवळी झालेली. बाबांनी ताट पुढे केलं आणि हात आखडला. "हे चालेल ना गं?" मी डॉक्टरांना फोन लावला. एक चमचा, तोही रोज नाही, म्हणाले. मग वाढलं.