स्कुटारीचे चित्र

क्रिमियन युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह नोव्हेंबर १८५४ मध्ये इस्तंबूलजवळील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. ते सेवाकार्य चित्रबद्ध करण्यासाठी इंग्रज चित्रकार जेरी बॅरेट १८५६ साली तेथे पोहोचला, तेव्हा जखमींची रीघ ओसरली होती. त्यातच बाईंनी चित्रासाठी बसण्यास नकार दिला. जाता-येता दिसतील तशा त्यांना रेखाटणे, एवढेच त्याच्या हाती उरले.

त्यातून १८५७ मध्ये सिद्ध झालेल्या तैलचित्रात बाई रुग्णालयाच्या प्रवेशद्वारी जखमींमध्ये उभ्या आहेत. हातात तो सर्वश्रुत दिवा नाही. भोवती दिवसाचा उजेड आहे. खिडकीतून पाहणारा एक चेहरा खुद्द बॅरेटचा! न पाहिलेल्या प्रसंगाचा साक्षीदार होण्याचे हे धाडस क्षम्य मानावे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

अ‍ॅग्न्यू या चित्रव्यापारी पेढीने त्याचे खोदचित्र छापून विक्रीस आणले. मूळ चित्र आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. परिचारिका एलायझा रॉबर्ट्स आणि ख्रिस्ती साध्वी मेरी क्लेअर मूर त्यात ओळखता येतात. नामांकित बल्लवाचार्य अलेक्सी सोयर यांनाही स्थान लाभले. त्या ३८ जणींपैकी बहुतेकींना मात्र लाभले नाही.