उत्तर येतं, पण तोंडातून निघत नाही



आमच्या पालीजवळ बिंदुसरा धरण आहे. बीड शहराला इथून पाणी जातं. एकदा पाचवीच्या वर्गात मी विचारलं, "धरण भरल्यावर जास्तीचं पाणी जातं कुठून?" मागच्या बाकावरच्या एका मुलाचे ओठ हलले. मी दुसऱ्याकडे वळलो. त्याला उत्तर येईना, मग मीच सांगून मोकळा झालो.

सुट्टीत तो मुलगा जवळ आला. "सर, सांडव्यावरनं जातंय. म्या बगितलंय." मग वर्गात का बोलला नाहीस? तर म्हणाला, "मला वाटलं चुकंल."

उत्तर चुकणार नव्हतं. त्याला भीती होती ती 'पानी' म्हणण्याची. आठवडाभर आधी मीच त्याला सगळ्यांसमोर "पानी नाही, पाणी" असं दोनदा म्हणायला लावलं होतं आणि वर्ग हसला होता. मी विसरलो, तो विसरला नव्हता.

आपण अशा मुलाला 'लाजाळू' म्हणतो आणि विषय संपवतो. पण बोलण्याआधी त्याच्या डोक्यात बरंच चाललेलं असतं. हे बरोबर असेल का? शब्द नीट येईल का? कोणी हसेल का? एवढं सगळं होईपर्यंत आपण पुढे गेलेलो असतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या सुमारास वर्गातला हा वेळ मोजला. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत होते! तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प मुलं कमी झाली आणि 'कच्ची' समजली जाणारी मुलंही बोलू लागली. मी करून बघितलं. ३ सेकंद शांत उभं राहणं फार अवघड जातं हो, जीभ नुसती वळवळते.

मोठ्यांचंही वेगळं नाही. घर, शेत, उसनवारी सगळं सांभाळणारी बाई ग्रामसभेत पदर सावरून गप्प बसते. म्हणून तर आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. पालकहो, घरात "तुला काय कळतंय" हे वाक्य आईला ऐकवलं जातं, तेव्हा लेकरूही ते ऐकत असतं.

आता मी प्रश्न विचारला की आधी शेजारच्याला उत्तर सांगायला लावतो, मग वर्गाला. बोलीतलं उत्तर आलं तर तसंच फळ्यावर लिहितो. प्रमाण शब्द नंतर, शेजारी. वेळ जास्त लागतो आणि पाठ मागे पडतो, हे खरं आहे.

त्या मुलानं अजून हात वर केलेला नाही. पण परवा शेजारचा उत्तर सांगताना अडला, तेव्हा यानं बसल्या जागेवरून त्याचं वाक्य पुरं केलं. 'पानी' असंच म्हणाला. कोणी हसलं नाही.